चूक पोटात घालणं म्हणजे काय?



दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं, पण स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही. ही म्हण ऐकली नाही अशी बाई आपल्यात सापडायची नाही. येशू ख्रिस्ताने आपल्या शिष्यांना हीच गोष्ट सांगितली होती. बायबलमध्ये मत्तयचं शुभवर्तमान नावाचं पुस्तक आहे, त्याच्या सातव्या अध्यायात ती येते. शुभवर्तमान म्हणजे येशूचं जीवन आणि त्याची शिकवण सांगणारं पुस्तक. मत्तय, मार्क, लूक आणि योहान अशी चार शुभवर्तमानं आहेत. मूळ ग्रीक भाषेत तिथे बारीक काडी आणि घराची तुळई असे शब्द आहेत. येशू सुताराच्या घरात वाढला होता, तेव्हा भुसा, काडी आणि तुळई त्याच्या रोजच्या पाहण्यातल्या. मराठी बायबलमध्ये त्याचं कुसळ आणि मुसळ झालं, म्हणून ते आपल्याला लगेच कळतं.

ईस्टरच्या आधी ख्रिस्ती समाजात ४० दिवसांचा उपवासकाळ असतो. त्या दिवसांत जेवणाचा उपवास करतात, आणि जिभेचाही करावा असं सांगतात. आमच्या गटांत सगळ्या जातिधर्मांच्या बायका एका सतरंजीवर बसतात. ख्रिस्ती मैत्रिणींच्या घरी या दिवसांत जे वाचलं जातं, ते आपल्या सगळ्यांच्या कामाचं आहे असं आम्हाला वाटलं, म्हणून आजचा विषय घेतला: दुसऱ्याचा निकाल लावण्याऐवजी दया निवडणं.

हा विषय गटाच्या कामापासून लांबचा नाही. आम्ही गावोगाव बैठकांना बसतो. आम्हाला दिसतं ते असं, की पैशापायी गट फुटतो असं सगळे म्हणतात, पण पैशाच्या आधी तोंडातून शब्द गेलेला असतो. “ती तसलीच आहे.” “तिच्या घरचेच तसे.” “तिला सोडलं ते उगीच का?” असा शब्द गेला की ती बाई बैठकीला यायची थांबते. मग बचत थांबते, मग हप्ता थांबतो. आणि जिला गटाची सगळ्यात जास्त गरज असते तीच पहिली बाहेर पडते.

कुसळ काढायचंच नाही का?

न्याय करू नका, म्हणजे दोष दिसला तरी गप्प बसा, असा अर्थ पुष्कळ जण काढतात. येशूचं सांगणं तिथे संपत नाही. आधी आपल्या डोळ्यातलं मुसळ काढ, म्हणजे तुला स्वच्छ दिसेल, आणि मग भावाच्या डोळ्यातलं कुसळ काढ, असं तो पुढे सांगतो. म्हणजे कुसळ काढायचं आहेच. ते तसंच राहू दिलं तर डोळा जाईल.

खळ्यावर मळणी चालू असताना डोळ्यात कुसळ गेलं तर आपण काय करतो, आठवा. जवळच्या बाईला हाक मारतो. ती हात धुते, आपलं तोंड उजेडाकडे करते, पापणी हळूच उचलते आणि स्वच्छ पाणी सोडते. तिला स्वतःला नीट दिसत असेल आणि तिचा हात हलका असेल, तरच आपण डोळा तिच्यापुढे धरतो. चारचौघांत ओरडून “अगं हिच्या डोळ्यात घाण आहे” असं सांगणारीला आपण डोळ्याला हात लावू देऊ का? नाही देणार.

निकाल लावणं आणि मदत करणं यातला फरक एवढाच आहे. निकाल लावणारी बाई लांबून बोलते आणि दुसरीला ऐकवते. मदत करणारी जवळ येते आणि जिचं दुखतंय तिच्याशीच बोलते.

त्याच ठिकाणी येशूने मापाचीही गोष्ट सांगितली. ज्या मापाने तुम्ही दुसऱ्याला मोजाल त्याच मापाने तुम्हाला मोजलं जाईल. लूकच्या शुभवर्तमानात हे माप दाबून, हलवून, शीग लावून ओसंडून वाहणारं सांगितलं आहे. धान्य विकणाऱ्या बाईला हे समजावून सांगावं लागत नाही. घेताना मोठी पायली आणि देताना छोटी पायली ठेवणारा दुकानदार आपण ओळखून असतो. पण माणसं मोजताना आपल्याकडेही दोन पायल्या असतात. आपला मुलगा पैसे उडवतो तेव्हा तो वयाचा दोष असतो, शेजारणीचा उडवतो तेव्हा तिने वळण लावलेलं नसतं. आपला हप्ता चुकतो तेव्हा अडचण असते, दुसरीचा चुकतो तेव्हा नियत असते.

आईच्या पोटातली माया

दया म्हटलं की आपल्याला कीव आठवते. वर उभं राहून खाली टाकलेली भाकरी आठवते. अशी दया कोणत्याच बाईला नको असते आणि ते बरोबर आहे. बायबलचा जुना भाग हिब्रू भाषेत आहे. त्या भाषेत दयेसाठी एक शब्द आहे ‘रहमीम’. आईच्या गर्भाशयाला त्या भाषेत ‘रेहेम’ म्हणतात. दोन्ही शब्द एकाच धातूतले. आपल्या मुस्लिम मैत्रिणी ‘रहम’ म्हणतात तो अरबी शब्दही याच कुळातला. म्हणजे दया ही आई आपल्या पोटच्या लेकराकडे बघते तशी बघायची गोष्ट आहे.

आपल्या मराठीतही हेच आहे. आपण देवाला म्हणतो, माणसांनाही म्हणतो, “चूक झाली, पोटात घाला.” आणि दुसरा शब्द आहे पांघरूण घालणं. हे दोन शब्द आज लक्षात ठेवूया, कारण लोक या दोन्हींची गल्लत करतात. पांघरूण घालायचं म्हणजे चूक झालीच नाही असं दाखवायचं. ती आत तशीच कुजत राहते. पोटात घालायचं म्हणजे चूक काय आहे ते पुरतं माहीत असायचं, आणि तरीही त्या माणसाला आपलं म्हणायचं. आई लेकराची खोडी लपवत नाही. ती त्याला रागावते, धुऊन काढते आणि जेवायला वाढते.

आधी एकटीने जा

मत्तयच्या शुभवर्तमानाचा १८ वा अध्याय आपल्या गटांसाठीच लिहिला आहे की काय, असं वाटावं इतका तो उपयोगी आहे. कुणी तुझं काही बिघडवलं तर काय करायचं, त्याच्या पायऱ्या येशूने तिथे सांगितल्या आहेत. पहिली पायरी, त्याच्याकडे एकट्याने जा आणि दोघांतच बोल. ऐकलं तर तुझा भाऊ तुला परत मिळाला. दुसरी पायरी, ऐकलं नाही तर एक-दोघांना बरोबर ने. तिसरी पायरी, तरीही ऐकलं नाही तर मंडळीपुढे सांग. मंडळी म्हणजे एकत्र जमणारा समाज. आपल्या भाषेत, बैठकीपुढे सांग.

आपल्याकडे बहुतेक वेळा हा जिना उलटा चढतात. आधी हापशीवर बोलणं होतं, मग बैठकीत होतं, आणि जिचं आहे तिच्याशी बोलणं सगळ्यात शेवटी होतं किंवा होतच नाही.

हे ऐकून पेत्र नावाचा शिष्य विचारतो, किती वेळा क्षमा करायची? सात वेळा? येशू म्हणतो सात नव्हे, सत्तर गुणिले सात. हिशेबाला बसलं तर ४९० होतात. पण एवढं मोजत बसणारीने क्षमा केलेलीच नसते, हे त्यातलं सांगणं आहे. आणि मग येशू कर्जाची एक गोष्ट सांगतो.

एका राजाने चाकरांचा हिशेब घ्यायला सुरुवात केली. एका चाकराकडे दहा हजार तालांत बाकी निघाली. तालांत हे तेव्हाचं चांदीचं मोठं माप. एक तालांत म्हणजे साधारण ६,००० देनारियस, आणि एक देनारियस म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. आता आपण गटाच्या वहीसारखा हिशेब मांडू. दहा हजार तालांत म्हणजे ६ कोटी दिवसांची मजुरी. वर्षातले ३०० दिवस कामाला गेलं तरी फेडायला २ लाख वर्षं लागतील. आज दिवसाला ३०० रुपये धरले तर ही रक्कम १,८०० कोटी होते. चाकर पाया पडला, म्हणाला, मला वेळ द्या, सगळं फेडतो. फेडणं शक्यच नव्हतं. राजाला दया आली आणि त्याने सगळं कर्ज सोडून दिलं.

चाकर बाहेर पडला. त्याला एक सोबतचा चाकर भेटला. त्याच्याकडे याचे १०० देनारियस येणं होतं. १०० दिवसांची मजुरी, म्हणजे आपल्या हिशेबाने ३०,००० रुपये. ही काही लहान रक्कम नाही. गरिबाची तीन-चार महिन्यांची कमाई आहे. म्हणजे याचं दुखणं खोटं नव्हतं. पण याने त्याचा गळा धरला. तोही पाया पडून तेच म्हणाला, मला वेळ द्या, सगळं फेडतो. याने ऐकलं नाही आणि त्याला तुरुंगात टाकलं. हे बघून बाकीच्या चाकरांना वाईट वाटलं, त्यांनी राजाला सांगितलं. राजाने याला परत बोलावून विचारलं, मी तुझ्यावर दया केली, तशी तू तुझ्या सोबत्यावर करायला नको होतीस का? आणि त्याला तुरुंगाच्या पहारेकऱ्यांच्या हाती दिलं.

या गोष्टीत राजा म्हणजे देव. आपल्याला आयुष्यात मिळालेलं जे आपण कधीच फेडू शकत नाही, ते आठवून मग दुसऱ्याच्या बाकीकडे बघ, असं ही गोष्ट सांगते.

इथे गटातली एखादी हुशार सचिव लगेच विचारेल, मग काय, थकीत कर्ज सोडून द्यायचं का? नाही. राजाने सोडलं ते त्याचं स्वतःचं होतं. गटाचा पैसा दहा जणींचा आहे. दुसरीच्या घामाच्या पैशावर आपण उदार व्हायचं नसतं. नियमित परतफेड हे आपल्या पंचसूत्रीतलंच एक सूत्र आहे. दयेने ते मोडत नाही. दया ठरवते ती वसुलीची रीत.

आमच्याकडच्या एका गटात एका ताईंचे हजार रुपयांचे तीन हप्ते सलग चुकले. शेळ्यांसाठी कर्ज घेतलं होतं. बैठकीत कुजबुज सुरू झाली. कुणी म्हणालं शेळ्या विकून टाकल्या, कुणी म्हणालं लग्नात नवीन साडी नेसलेली पाहिली. अध्यक्षबाई काही न बोलता दुसऱ्या दिवशी एकट्याच त्यांच्या घरी गेल्या. चहा झाला, बोलणं झालं. चार शेळ्यांपैकी दोन रोगाने मेल्या होत्या. “विकल्या म्हणाल, या भीतीने सांगितलं नाही,” असं त्या ताई म्हणाल्या. साडी जावेची होती. पुढच्या बैठकीत त्या स्वतः आल्या आणि सगळं सांगितलं. गटाने ठराव लिहिला: सहा महिने हजाराऐवजी ५०० रुपये, नंतर पुन्हा पूर्ण हप्ता, व्याज सगळ्यांना तसंच. कर्ज फिटलं. आज त्या ताई गटात आहेत. त्या दिवशी बायका मिळून त्यांच्या दारात जाऊन बसल्या असत्या, तर पैसे कदाचित महिनाभर आधी आले असते, पण बाई गेली असती.

पुरुष कुठे होता?

योहानच्या शुभवर्तमानाच्या आठव्या अध्यायातली गोष्ट तुमच्यातल्या काही जणींनी ऐकली असेल. यरुशलेमच्या मंदिरात येशू लोकांना शिकवत बसला होता. तिथे शास्त्री आणि परूशी, म्हणजे त्या काळचे धर्मनियमांचे जाणकार, एका बाईला घेऊन आले. ही व्यभिचार करताना सापडली, मोशेच्या नियमाप्रमाणे हिला दगडांनी मारायला हवं, तू काय म्हणतोस, असं त्यांनी विचारलं. त्यांना येशूलाच पेचात पकडायचं होतं. बाईचा वापर त्यांनी फक्त सापळ्यासाठी केला.

आता एक साधा प्रश्न विचारू. बाई करताना सापडली, मग पुरुष कुठे होता? मोशेचा नियम दोघांनाही शिक्षा सांगतो. तिथे आणली एकटी बाई. नियमाच्या नावाने जमलेल्या गर्दीने नियमाचा अर्धा भाग घरी ठेवला होता. मैत्रिणींनो, हे आपल्याला नवीन आहे का? गावात काही घडलं की नाव कुणाचं घेतात? पळून गेली म्हणतात ती मुलगी. नवऱ्याने टाकलं तरी नाव बाईचं होतं, ‘टाकलेली’. टाकणाऱ्याला मात्र असं नाव नाही.

येशू खाली वाकून बोटाने जमिनीवर लिहू लागला. काय लिहिलं ते शुभवर्तमानात सांगितलेलं नाही. ते विचारतच राहिले तेव्हा तो उठून म्हणाला, तुमच्यात ज्याने पाप केलं नाही त्याने पहिला दगड मारावा. मग एकेक जण निघून गेला, आणि सगळ्यात आधी वयाने मोठे गेले. जास्त जगलेल्यांना स्वतःचा हिशेब जास्त माहीत असतो. शेवटी बाई एकटी उभी राहिली. येशूने तिला दोन गोष्टी सांगितल्या. मी तुला दोषी ठरवत नाही. जा, आणि यापुढे पाप करू नकोस.

या दोन्ही गोष्टी एकत्र घ्यायच्या आहेत. पहिली सोडली तर उरतो फक्त उपदेश. दुसरी सोडली तर उरतं फक्त पांघरूण. आणि क्रमही बघा. आधी तिचा जीव वाचवला, मग सांगितलं. दगड हातात धरून केलेला उपदेश कुणाला ऐकू येत नाही.

केडगावची कृपासदन

ही शिकवण दूर देशातली, तिचा आपल्या मातीशी काय संबंध, असं कुणी विचारलं तर आम्ही पुणे जिल्ह्यातल्या दौंड तालुक्यातल्या केडगावचं नाव घेऊ.

पंडिता रमाबाईंचं नाव आपण शाळेच्या पुस्तकात वाचलं आहे. १८५८ चा त्यांचा जन्म. संस्कृतच्या मोठ्या विदुषी. त्यांना स्वतःला ऐन तरुणपणी, १८८२ मध्ये वैधव्य आलं, पदरात लहान मुलगी होती. १८८३ मध्ये त्या शिकायला इंग्लंडला गेल्या. तिथे लंडनमधल्या फुलहॅम भागात ख्रिस्ती भगिनींनी चालवलेलं एक घर त्यांनी पाहिलं. समाजाने ‘पतित’ म्हणून टाकून दिलेल्या बायकांना तिथे आसरा होता. त्या बायका पुन्हा उभ्या राहत होत्या, आणि दुसऱ्यांची सेवाही करत होत्या. अशा बायकांवर दया करावी असं तुम्हाला का वाटतं, असं रमाबाईंनी विचारलं. तेव्हा त्यांना योहानच्या शुभवर्तमानातली शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली गेली.

ती गोष्ट विहिरीवरची आहे. शोमरोनी लोकांचं पाणी यहूदी लोकांना चालत नसे. भर दुपारी एक शोमरोनी बाई एकटीच पाणी भरायला आली. तिचे पाच नवरे झाले होते, आणि आता ज्याच्यासोबत राहत होती तो तिचा नवरा नव्हता. पाच का झाले, मेले की त्यांनी सोडलं, ते गोष्टीत नाही. त्या काळी बायकोला सोडणं पुरुषाच्याच हातात होतं, हे ध्यानात ठेवावं. यहूदी असलेल्या येशूने तिचा सगळा इतिहास माहीत असूनही तिच्याशी पहिलं बोलणं काय केलं? मला प्यायला पाणी दे. त्याने तिच्याकडे मागितलं. जिच्या हातचं पाणी घ्यायचं नाही असं लोक म्हणत, तिच्याच हातचं पाणी. आपल्या गावांत कुणाच्या हातचं पाणी चालतं आणि कुणाच्या हातचं चालत नाही, यावर किती पिढ्या रडल्या ते आपल्याला सांगायला नको.

ही गोष्ट रमाबाईंच्या मनाला भिडली. त्याच वर्षी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे भारतात परतल्यावर १८८९ मध्ये मुंबईत त्यांनी विधवांसाठी शारदा सदन काढलं. ते नंतर पुण्याला आलं. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, निराधार मुली-बायकांना शेकड्यांनी घेऊन आल्या. केडगावला मुक्ती सदन उभं राहिलं. तिथेच त्यांनी ज्यांना कुणीच घरात घेत नव्हतं अशा बायकांसाठी वेगळं घर काढलं. त्याचं नाव कृपासदन. कृपा म्हणजे जी कमवावी लागत नाही, अशी दया.

आणि तिथे बायकांना नुसतं ठेवलं नाही. लिहायला-वाचायला शिकवलं, शेती केली, विणकाम केलं, छापखाना चालवला. रमाबाईंनी बायबलचं मराठी भाषांतर स्वतः केलं. त्या १९२२ मध्ये वारल्या. मुक्ती मिशनच्या छापखान्यात छापलेलं ते पूर्ण बायबल १९२४ मध्ये निघालं, आणि त्याचे खिळे जुळवणारे हात मुक्ती सदनातल्या बायकांचे होते. जगाने ज्यांचा निकाल लावून टाकला होता त्यांच्या हातांनी एवढं मोठं पुस्तक छापलं गेलं.

रमाबाईंवरही लोकांनी थोडे दगड मारले नाहीत. धर्म बदलला म्हणून इकडचे लोक रागावले, आणि स्वतःच्या बुद्धीने विचार करते म्हणून तिकडच्या धर्मगुरूंनाही त्या पटत नव्हत्या. तरी त्यांचं काम दोन्हींकडच्या बोलण्यापुढे टिकलं.

दयेच्या नावाखाली काय चालणार नाही

आता एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. दया, क्षमा, सहन करणं हे शब्द बायकांच्याच गळ्यात बांधले जातात. नवरा मारतो, तर माफ कर. दीर अंगाला हात लावतो, तर घराची अब्रू सांभाळ. ही दया नाही. हे पांघरूण आहे, आणि त्याखाली बाई गुदमरते.

आपण ज्या १८ व्या अध्यायाची गोष्ट घेतली, त्याच अध्यायात येशूने असंही सांगितलं आहे की, लहानग्यांना जो कुणी अडखळवेल त्याच्या गळ्यात जात्याची मोठी तळी बांधून त्याला समुद्रात बुडवलेलं बरं. क्षमा शिकवणाऱ्याच्याच तोंडचं हे बोलणं आहे. दुबळ्याला इजा करणाऱ्याला मोकळं सोडणं म्हणजे त्या दुबळ्यावर निर्दयपणा करणं. मार खाणाऱ्या बाईसाठी २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा आहे, संरक्षण अधिकारी आहेत, महिलांसाठी १८१ आणि तातडीच्या वेळी ११२ हा फोन क्रमांक आहे. अशा बाईला गटाने दाखवायची दया म्हणजे तिच्यासोबत जाणं. “तूच काहीतरी केलं असशील” असं म्हणणं हा निकाल झाला. तो आपण लावायचा नाही.

पैशाच्या घोटाळ्याचंही तसंच. लूकच्या शुभवर्तमानात जक्कय नावाचा माणूस आहे. यरीहो गावचा मुख्य जकातदार, श्रीमंत. लोकांना लुबाडणारा म्हणून सगळे त्याच्यावर चिडून. येशू सगळ्यांदेखत त्याच्या घरी पाहुणा म्हणून गेला. लोक कुरकुरले. पण घरात पाहुणा आल्यावर जक्कय स्वतः उभा राहिला आणि म्हणाला, माझं अर्धं धन गरिबांना देतो, आणि ज्याला फसवलं त्याला चौपट परत करतो. दया आधी आली आणि हिशेब नंतर झाला, पण तो झाला, आणि चौपट झाला. गटाच्या पैशात कुणी हात घातला तर वही तपासा, रक्कम परत घ्या, पदावरून काढा, गरज पडली तर ग्रामसंघाकडे न्या. हे सगळं करा. पण तिच्या लेकीच्या लग्नात ते काढू नका, आणि हापशीवर तिच्याशी बोलणं बंद करू नका. कामाचा हिशेब घ्यायचा असतो. माणसाचा हिशेब बंद करायचा नसतो.

पुढच्या बैठकीसाठी

बायबलमध्ये याकोबाचं एक पत्र आहे. त्याच्या दुसऱ्या अध्यायात सभेची गोष्ट आहे. सोन्याची अंगठी घातलेला माणूस आला की त्याला चांगली जागा देता, आणि मळक्या कपड्यातला गरीब आला की त्याला म्हणता, तिथे उभा राहा किंवा खाली बस. याकोब म्हणतो, हाच तुमचा न्यायनिवाडा, आणि तो चुकीचा आहे. तिथेच पुढे तो सांगतो की ज्याने दया केली नाही त्याचा न्यायही दयेविना होईल, आणि शेवटी न्यायापुढे जिंकते ती दयाच.

म्हणून पुढच्या बैठकीत सतरंजीवर बसल्यावर आधी आजूबाजूला बघा. मधोमध कोण बसलंय आणि कडेला, दाराशी कोण बसलंय? मग या प्रश्नांवर बोला.

गेल्या सहा महिन्यांत आपल्या गटातून कोण यायची थांबली? तिच्या घरी एकटीने कोण जाऊन आलं?

हप्ता चुकला तर आधी कुणी आणि कसं बोलायचं, याचा ठराव आपल्या वहीत आहे का? नसेल तर तीन पायऱ्या लिहून घ्या: आधी एकटीने, मग दोघींनी, मग बैठकीत.

आपल्या गावात एकटी राहणारी, सोडलेली, किंवा जिच्याबद्दल लोक काहीबाही बोलतात अशी कोण बाई आहे, जिला कुठल्याच गटाने घेतलेलं नाही? तिला बोलावणं कोण करणार, आणि कधी?

या तिसऱ्या प्रश्नावर थोडी शांतता होईल, आम्हाला माहीत आहे. होऊ द्या. मग एकीने नाव घ्या आणि दिवस ठरवा. जाताना तिला काही द्यायला नेऊ नका. तिच्या घरी बसा आणि प्यायला पाणी मागा.